उजेडात ये

अत-बाशीहून निघताना गाडी दोनदा रुसली.
तिसऱ्यांदा बॉनेट थोपटलं, म्हातारी घोडी थोपटावी तसं.
पिशवीत तराजू, थर्मामीटर,
आणि मागच्या घरानं बळेच दिलेले कुरुताचे गोळे,
वाळल्या दह्याचे, दगडासारखे.

बाळ पाच दिवसांचं. बेगायिम एकोणीस वर्षांची.
सासू, तोक्तोबूबू, दारातच सांगते :
सगळं नीट आहे, नर्सबाई. चहा घ्या.

आधी हात धुते, कोपरापर्यंत.
बाळाला घेणाऱ्या प्रत्येकानं एवढे धुवायचे,
कळपासाठी पदक मिळवलेल्या आजोबांनीसुद्धा.
आजोबा हसत नाहीत. पण उठतात.

बेंबीवर काय लावलंय?
मेंढीची चरबी.
पुसून काढते. काहीच लावू नका,
कोरडी राहू दे, लंगोटाच्या वर, उघडी.
जर्दाळूचा देठ कुणी ओढतं का? आपोआप गळतो.

आणि तोंडात पिवळं लोणी?
बोटभरच, रीत म्हणून.
रीत ठाऊक आहे मला, माझ्याही टाळूला लागलं होतं म्हणे.
पण आता सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीही नाही.
लोणी बेगायिमला द्या. भाकरीवर, जाड.

आता खिडकीशी आण त्याला.
दिव्याखाली नको, दिवा खोटं बोलतो.
तळपायावर बोट दाबते, सोडते : पांढरं, मग गुलाबी.
चेहऱ्यावर थोडा पिवळेपणा आहे. तो तळपायांपर्यंत उतरला
तर रात्र असो, हिम असो, फोन कर.
दूध ओढेना, अंग तापलं किंवा गार पडलं,
श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, तेव्हाही.
हे सगळं विसरलीस तर एवढंच ठेव :
कालचं बाळ आज वेगळं वाटलं, की फोन.

बेगायिम मान हलवते, वर्गातल्या मुलीसारखी.
तिला एकही प्रश्न नाही.

आठ वर्षांपूर्वी अशाच एका घरातून
प्रश्न नसलेल्या एका मुलीचा निरोप घेऊन मी निघाले होते,
बाळाचं वजन चोख लिहून.
तिचं पुढे काय झालं ते त्या वहीत नाही.
तसा रकानाच नव्हता.

बाळ आजीकडे दे, म्हणते. आता तू उजेडात ये.

खालची पापणी ओढते : फिकट.
रक्त किती जातं? तासाभरात घडी चिंब होते?
वास येतो? ताप? डोळ्यांपुढे काजवे?
नाही. नाही. नाही.
झोपलीस कधी?

तिचं तोंड उघडतं. आवाज येत नाही.
मग येतो :
दूध उतरलं त्या दिवसापासून असंच वाहतं डोळ्यांतून,
काही कारण नसताना.
मी वाईट आई आहे का?

नाही गं. पाचव्या दिवशी हे पुष्कळींना होतं, ओसरतं.
दोन आठवड्यांतही ओसरलं नाही,
किंवा उद्याच बाळाकडे बघवेनासं झालं, जगू नये असं वाटलं,
तर तोही तापच समज. त्यालाही औषध असतं.
पिवळ्या तळपायांइतक्याच घाईनं सांग.

चुलीत कोळसा तडतडतो.
तोक्तोबूबू बाळाला घेऊन उभी, भिंतीकडे तोंड.
धाकट्याच्या वेळी, ती म्हणते,
मी नदीवर जाऊन बसायचे.
वारा डोळ्यांत जातो, असं सांगायचे सगळ्यांना.

आजोबांच्या हातातला टॉवेल तसाच हातात.

आज रात्री पाळणा माझ्या खोलीत, ती म्हणते.
पाजलंस की मला दे.
पाठीवरच निजवा, मी म्हणते, पाय आवळून बांधू नका.
माहीत आहे, ती म्हणते. बहुधा नव्हतं.

वजन लिहिते. तीन किलो दोनशे.
शेजारी रेघ मारते, पट्टीशिवाय, वाकडी,
आठ वर्षं प्रत्येक वहीत मारतेय तशी.
वर लिहिते, आई.
खाली :
झोप नाही. सासू आहे.
परवा पुन्हा.